दयाराम भगताचं पिवळं पाणी

कोन गावात रोज सकाळी दयाराम भगताच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. कळंबोलीच्या ट्रकवाल्यांपासून पनवेलच्या फ्लॅटवाल्यांपर्यंत सगळे रांगेत. भगत रोग्याचे हात कसल्याशा ओल्या सालीने चोळी, परातीतल्या नितळ पाण्यात धुवी, आणि बघता बघता पाणी हळदीसारखं पिवळं होई.

"बघा, कावीळ कशी उतरतेय! डाक्टर सुया टोचतो, आमी नुसते हात धुतो!"

शाळेत खिचडी रांधणारी जनी नवऱ्याला, बळीरामला, तिसऱ्यांदा घेऊन आली होती. त्याला दवाखान्यात न्यायला विज्ञानाच्या मितालीबाई धावत आल्या, पण जनी जागची हलेना. बाईंसोबत हेलेना होती. शाळेत विज्ञान शिकवायला फिनलंडहून आलेली स्वयंसेविका, दोनच दिवस झालेली. मितालीबाईंना तिचा संशयच होता. महिनाभर राहायचं, फोटो काढायचे आणि तिकडे जाऊन आपल्याला हसायचं! पण हेलेनाने कॅमेरा काढलाच नाही. ती परातीकडे टक लावून बघत राहिली.

दुपारी वर्गात तिने एकच प्रश्न विचारला. मितालीबाईंनी तो मराठीत सांगितला, "तो पिवळा रंग रोग्याच्या अंगातून आला, हे कशावरून?"

सहावीतली सिदरा उठली. "ज्याला कावीळ नाय, त्याचे हात धुवून बघायचे!"

मितालीबाई ओशाळल्या. बारा वर्षं विज्ञान शिकवतोय, हे आपल्याला कसं सुचलं नाही?

दुसऱ्या सकाळी तिघी अंगणात हजर. रांगेत जनी आणि बळीरामही होते. सिदराने हात पुढे केले. भगताने तिचे डोळे ताणून बघितले. "आत मुरलीय गं पोरी!" पाणी पिवळं. मग हेलेनाचे हात. पुन्हा पिवळं! लोकांत कुजबुज सुरू झाली.

"आता तुमचे स्वतःचे धुवा," मितालीबाई म्हणाल्या.

"देव कोपेल!"

तोवर सिदराने, भगत जिच्यातून परात भरायचा त्या बाजूच्या घागरीत बोटं बुडवून चोळली. "मॅडम, ही चुन्याची निवळी हाय. अब्बांच्या पानाच्या टपरीवर चुन्याच्या डब्यात वर हेच पाणी साचतं."

मितालीबाईंनी भगताची साल उचलली, मोडली, हुंगली. आंब्याची! घागरीतलं पाणी त्यांनी रिकाम्या परातीत ओतलं आणि साल त्यात चोळली. पाणी पिवळंजर्द.

"इथे ना हात, ना रोगी. मग ही कावीळ कुणाची उतरली?"

"गोऱ्या बाईची करणी हाय ही!" भगत ओरडला. पण मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळं अंगणच हसलं.

जनी मात्र हसली नाही. तिने बळीरामची हनुवटी वर केली. तीन दिवस परात पिवळी होत होती, डोळे होते तसेच होते.

"बाई, रिक्षा बोलवा," ती म्हणाली.

पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टर चिडले. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं. बळीराम अठरा दिवसांनी घरी आला.

चमत्कार तिथे नमस्कार, असं आपण म्हणतो. तो घालण्याआधी सिदरासारखा एक प्रश्न विचारावा. त्याला पैसा लागत नाही, आणि कधीकधी त्यानेच माणूस वाचतो.