खंडेनवमीची हळद

सास्तूरच्या सिताबाईच्या ओसरीत भरदुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. नात वैष्णवी कॉम्प्युटरपुढं बसली होती आणि सगळं गाव श्वास रोखून बघत होतं. दहा मिनिटं गेली. टक्! पडदा काळा. मग आपोआप उजळला, आणि परत टक्!

"आली! आली!" बाया एकमेकींवर रेलल्या.

मार्तंड महाराजानं मोरपिसांचा कुंचा झटकला. "भूकंपात गेलेला जीव हाय. कुवारा. या घरातलाच! तारंतून पोरीत उतरायलाय. सात दिवस पोरगी मठात ठेवा. एकटीच. शिक्षण बंद, यंत्र हिरीत!"

 सिताबाईची थोरली लेक, शुभांगी, नऊ वर्षांची असताना ढिगाऱ्याखाली गेली होती. याला कसं कळलं? जिच्या जिभेला अख्खी गल्ली वचकून असायची, ती आज भिंतीला टेकून बसली.

"माय, जीप बोलावलीय," लेक उत्तरेश्वर खाली बघत म्हणाला.

वैष्णवीनं आजीचा पदर घट्ट धरला. "आज्जी, मला पाठवू नका हो. पप्पा नुस्ती भजनं लावतात, म्हणून त्यांच्या हातनं बंद पडत न्हाय. मी घरांचे नकाशे काढते, मोठं काम असतंय, त्यानं ते तापतंय. कुणी ऐकतच न्हाय!"

तापतंय. भूत तापतं का? सिताबाई उठली. 

"तुजं नकाशाचं काम चालू कर, आन् अंगणात जाऊन उभी ऱ्हा."

"माय, नको!"

"गप बस."

ती खुर्चीत बसली.  'शुभे, असशील तर मला धर, पण लेकराला सोड,' ती ओठातच पुटपुटली. डोळे मिटावेसे वाटले, पण तिनं मिटले न्हाईत.

टक्!

ओसरी किंचाळली. सिताबाईच्या ध्यानात आलं, पोरगी तर अंगणात हाय!

"बघा! आता म्हातारीला धरलं," महाराज ओरडला.

"मला? कुवाऱ्या जिवाला सात नातवंडांची आज्जीच घावली व्हय रं?"

कुणीतरी फिसकन हसलं. महाराजाचा तोरा तिथंच उतरला.

तिनं कॉम्प्युटरच्या डब्याभोवती बांधलेल्या खणात हात घातला. डबा तव्यासारखा पोळला. आणि तिला खंडेनवमी आठवली. विळे, खुरपी, ट्रॅक्टर पुजून झाल्यावर तिनंच हौसेनं कॉम्प्युटरला हळद वाहिली होती. मूठभर, भोकांतून आत जाईस्तोवर. वर मानाचा खण गच्च बांधला होता. तवापासनंच तर हे भूत आलं होतं!

तार काढून, डबा गार झाल्यावर वैष्णवीनं झाकण उघडलं. आतल्या पंख्याच्या पात्यांवर हळदीची वाळकी खपली बसली होती. "यानं आत वारं घ्यावं कसं? जळू नये म्हणून ते सोताच बंद पडून परत सुरू व्हायचं."

दोघींनी ब्रशानं सगळी हळद झाडली. खण परत बांधलाच न्हाय. नकाशा तासभर चालला. टक् झालं न्हाय.

"पण शुभांगीचं त्याला कसं कळलं?" उत्तरेश्वर कुजबुजला.

"आरं, सास्तुरात माणूस न गेलेलं घर दाव मला एक! ते सांगाया महाराज कशाला लागतुय?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. जीपमधून महाराज एकटाच गेला.

माणसं उठायला लागली, तशी सिताबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"थांबा. चूक माजी हाय, समद्यांदेखत सांगते. माज्या हळदीपायी माजी नात मठात जायाची होती. शाळा म्या दुसरीतच सोडली, पण एवढं कळतंय. यंत्र बंद पडलं तर आदी त्याला हात लावून बघा, झाकण उघडा, जाणत्याला इचारा. लेकरू काय सांगतंय ते ऐका. आन् आपली ढिगाऱ्यात गेलेली लेकरं..." तिनं वैष्णवीला जवळ ओढलं. "ती कुणाला धरत न्हाईत. त्यांच्या नावानं जित्या लेकरांना भ्या दावू नका."