मिरचीत उतरलेलं विमान

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत आम्ही अकरा बायका भिवापूरला मिरची वाळवायच्या मैदानात देठं खुडत बसलो होतो. नागपूरकडून आलेलं एक छोटं विमान आमच्या डोक्यावरून मुकाट्यानं गेलं. विमान मुकं जाणं हे काही चांगलं लक्षण नाही, एवढं मलासुद्धा कळलं.

पुढचं नीट ओळीनं सांगता येत नाही. आभाळभर मिरच्या उडाल्या. कोणी पळालं, कोणी जागीच राहिलं. रंभाबाई तर खुडतच होती. खोकून खोकून आमचा जीव गेला. लाल धूळ बसली तेव्हा विमान ढिगात नाक खुपसून उभं होतं, आणि त्यातून एक तरुण साहेब आपल्या पायांनी बाहेर येत होता. डोक्यापासून बुटापर्यंत लाल.

"रक्त वं माय!"

"रक्त कुठचं? मिरची होय ते."

"दोन्ही असन."

खरं काय, कुणालाच कळेना. मी पुढे झाले आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं.

विमान पडताना तो ओरडला नव्हता. आता ओरडला.

मिरचीचे हात आणि मिरचीचा पदर कुणाच्या डोळ्याला लावायचा नाही, हे नव्या पोरींना पहिल्या दिवशी मीच शिकवते. दहा वर्षं शिकवते आहे.

"इंजिनाची तेलाची नळी फुटली," तो म्हणत होता, "पण मला दिसत का नाहीये?"

विमान चालवणाऱ्याचे डोळे. नळीनं सोडले ते मी घालवले की काय?

"पाणी आणा!" आमचे मुकादम भैयाजी ओरडले.

"पाण्यानं अजून भडकते गा भैयाजी!"

"मंग तेल?"

"डोयात? भजे तळून राहिले काय तुम्ही?"

सगळे एकदम बोलत होते. तेवढ्यात सुभद्रा उठली. तिचं चार महिन्यांचं लेकरू झाडाखाली झोळीत होतं. पाजायच्या आधी ती रोज हात ताकानं चोळून धुवायची, तसेच तिनं धुतले.

"भैयाजी, तिकडे तोंड करा. साहेब, मान वर."

डोळे आलेल्या लेकराला आमच्याकडे आईच्या अंगावरचं दूध घालतात. सुभद्रानं सरळ धार धरली. भैयाजी सूर्याकडे बघत उभे राहिले.

"हे काय आहे?" साहेबानं विचारलं.

"औषध," रंभाबाई म्हणाली. "घरचं."

बऱ्याच वेळानं त्याचा उजवा डोळा किलकिला झाला. मी हात वर धरला.

"साहेब, किती बोटं?"

"चार."

मी हाताकडे पाहिलं. मिरचीच्या धुळीनं डोळे इतके पाणावले होते की मलाच मोजता येईनात.

"बरोबर आहे का?" त्यानं विचारलं.

"थांबा," मी म्हटलं, आणि सुभद्रानं दुसऱ्या डोळ्यासाठी त्याची मान पुन्हा वर केली.