एकाच सवारीची परवानगी

“मी न्हाय बसणार! आई बसतील, मी चालते.”

दिपिका माझ्यातून उतरलीसुद्धा. मी म्हणजे तिच्यामागे उभी असलेली बॅटरीवरची गाडी, भिवंडीजवळच्या या गोल्फच्या मैदानावरची सगळ्यात जुनी. सीट फाटली म्हणून वर लूमचं जाडं कापड शिवलंय, बॅटरी चढाला रडते. कान मात्र शाबूत आहेत माझे.

आयुष्यभर मी धडधाकट साहेब वाहिले. समोर दिसणाऱ्या चेंडूपर्यंत चालवत नसे त्यांना, आणि घरी सांगायचे, आज फार व्यायाम झाला! स्पर्धेच्या दिवशी मात्र मला शेडमध्ये कोंडायचे. स्पर्धेत खेळणाऱ्यानं पायीच फिरायचं, चालणं हाही खेळच. मला पटतो हा नियम. मी नसले की कळतं कोणात किती दम आहे ते.

दिपिकाला माझी परवानगी मिळाली, कारण तिच्या पायात सळई आहे. टेम्पोखाली सापडला होता पाय. मैदानभर चालायला डॉक्टरांची साफ मनाई. शेजारच्या दिघाशी गावची ही सून इथलं गवत कापता कापता खेळ शिकली. आज अंतिम फेरी. जिंकली तर राज्याच्या स्पर्धेला जाईल. ज्याचे फटके कमी तो पुढे; पुढे आहे ती, पण एकाच फटक्यानं.

परवानगी तिच्या एकटीपुरती. पिशवी वाहणाऱ्या कॅडीनं चालतच यायचं. कॅडी गाडीत बसली, तर दर होलला, म्हणजे चेंडूच्या दर खळग्यामागे, दोन फटके दंड दिपिकाला. आणि कॅडी कोण? तिची सासू, ठकुबाई.

चढावर ठकुबाईंना धाप लागली. कुंपणापलीकडून कुणी ओरडलं, “बघा गो, सून राणीवानी गाडीत नि सासू हमाल!” बायका हसल्या. तिथेच दिपिकानं ब्रेक दाबला होता.

“मावशी, तुम्ही बसलात तर दंड लागेल,” पंच भावेश म्हणाला. “आणि ताई, तुम्ही चाललात तर पाय जाईल. लवकर ठरवा, मागचे थांबलेत.”

“जाऊ दे पाय! गावात तोंड कसं दावू? सासूला मागं पळवून जिंकली म्हनतील.”

बाई गं, माझं काय, उद्या भंगारात जाईन. पण मला रिकामी परत धाडू नका. खरोखर दुखऱ्या पायासाठी मला पहिल्यांदाच कुणी बाहेर काढलंय.

ठकुबाईंनी पदर खोचला, पिशवी खांद्यावर नीट केली आणि सुनेला दंडाला धरून सीटवर बसवलं.

“सासू मी घरची गो, हितं मी तुझी कॅडी हाय, आन् कॅडीनं चालायचंच असतं, चल, काढ गाडी!”