डाव्या बुटाची तक्रार

चार महिन्यांत तीन जोड! नवरदेवसुद्धा लग्नासाठी एवढे बूट बघत नसेल.

आमचे हे झाडं उतरवतात. म्हणजे दोरावरून वर चढायचं, वरून एकेक फांदी कापत यायचं आणि ती दोराला बांधून खाली सोडायची. तो दोर खाली मी धरते. चोवीस वर्षं हेच चाललंय. यांच्या सगळ्या खोडी मी पचवल्या, पण या बुटांनी माझ्या नाकी नऊ आणले.

पहिला जोड रबर निसरडं म्हणून गेला, दुसरा तळ मऊ म्हणून. तिसरा घालून हे गेल्या आठवड्यात ओल्या सालीवरून घसरले आणि कमरेच्या दोराला लोंबकळत खोडावर आदळले. बरगडीला मुका मार बसला. खाली आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "बूट भिकार आहेत."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. पण आतून माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं. म्हणून निक्षून सांगितलं, गुरुवारी ते उंच झाड आहे, त्याआधी धड पकड असलेले बूट आणा, नाहीतर मी दोराला हात लावणार नाही.

तर आज बुधवार आणि आम्ही कामाच्या कपड्यांच्या दुकानात. हेल्मेटं, हातमोजे, छतापर्यंत रचलेली बुटांची खोकी. दुकान उघडताना आलो होतो, आता जेवायची वेळ टळत आली होती.

हे बूट नुसते घालून बघत नाहीत. दुकानातल्या पोटमाळ्याच्या कठड्याला यांनी घरून आणलेला दोर बांधला. तो एका पावलाखालून घेतला, दुसऱ्या पावलाने दाबून धरला आणि जमिनीपासून हातभर वर जाऊन उभे राहिले. बाकीची गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून हाच तमाशा बघत होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पहिल्या जोडाला लेस अडकवायचे आकडे होते. त्यात दोर अडकेल म्हणून तो नको. दुसऱ्याचं आतल्या बाजूचं चामडं पातळ, दोर ते महिन्याभरात खाऊन टाकेल. इथवर मीही मान डोलावली. दोराने खाल्लेले यांचे बूट मीच शिवून आणत आलेय.

पुढे मात्र एकच पालुपद सुरू झालं.

"उजवा झकास आहे. डावा धरत नाही."

चौथा जोड, पाचवा, सातवा. डावा धरत नाही.

"दादा, दोन्ही एकाच साच्यातले आहेत," दुकानदार म्हणाला. बिचारा सज्जन होता. त्याच्या जागी मी असते तर यांना केव्हाच बाहेर काढलं असतं.

"मग साचा बिघडलाय."

"जगातल्या सगळ्या बूटवाल्यांनी तुमच्याच डाव्या पायाशी वैर धरलंय का हो?" माझा तोल गेला. "उद्या चढायचंय! घ्या ना एक कुठला तरी."

"तू खाली उभी असतेस. फांदीवर काय होतं ते तुला काय कळणार?"

चोवीस वर्षं वर बघून बघून माझी मान आखडली, आणि मला काय कळणार! मी तोंड फिरवून हातमोजे बघायला लागले. एकही मला नको होता.

आठवा जोड जड होता. तळ ताठ, खाचा खोल, घोट्याच्या वर येणारा, आणि दोर घासतो तिथे रबराची जाड पट्टी. हे दोरावर चढले, उतरले, माळ्याचा जिना चार वेळा चढून आले.

"उजवा अंगठ्याला जरा दाबतोय, पण सैल होईल. डावा मात्र चपखल बसलाय. द्या हाच."

मी आणि दुकानदाराने एकदमच सुटकेचा निःश्वास सोडला. यांनी बूट काढले. दुकानदाराने खोक्यात भरण्याआधी डाव्या बुटात हात घातला आणि आतून कागदाचा बोळा काढला. लिंबाएवढा, घट्ट दाबलेला.

"अरेच्चा! उजव्यातला काढला आणि हा राहिलाच की," तो म्हणाला. "कमाल आहे दादा, हा आत असताना तुम्ही जिना चढलात?"

"माझं लक्ष उजव्याकडे होतं," हे हसत म्हणाले. दुकानदारही हसला.

मला हसू आलं नाही. मी तो बोळा हातात घेऊन दाबून पाहिला. दगडासारखा होता. मागच्या महिन्यात यांच्या डाव्या मोज्याला रक्त लागलेलं दिसलं, तेव्हा मी तळव्यातून बोटाच्या पेराएवढा काटा काढला होता. "कातडी जाड झालीये माझी," हे म्हणाले होते, आणि मी वेडी, चारजणींना कौतुकाने सांगत सुटले होते.

"बसा इथे," मी म्हटलं. "मोजा काढा. पाय त्या स्टुलावर ठेवा आणि डोळे मिटा. मी हात लावला की सांगा."

"अगं, दुकानात काय हे! लोक बघतायत."

"मिटा म्हणते ना!"

माझा आवाज ऐकून यांनी मुकाट्याने डोळे मिटले. मी खाली बसले आणि डाव्या तळव्यावर अंगठा ठेवला. आधी हळू दाबला, मग जोरात. सगळा राग कुठल्या कुठे गेला होता. मला फक्त भीती वाटत होती. मी नख रुतवलं. तिथे पांढरी रेघ उमटली, मग लाल झाली.

हे डोळे मिटून, गालातल्या गालात हसत बसले होते.

"अगं, लाव ना हात," हे म्हणाले. "कसली वाट बघतेस?"