शिट्टीला उत्तर

नर्सबाईंनी जंगलाच्या कुंपणाची तार उचलली, वाकून आत शिरल्या आणि श्वास रोखून ऐकत उभ्या राहिल्या. करवतीचा आवाज नव्हता. ऊन डोक्यावर आलं होतं, म्हणजे एव्हाना सगळं उरकलंही असेल, असं मनात आलं तशा त्या झपझप चालू लागल्या.

सकाळी गजर वाजला तेव्हा त्या जाग्याच होत्या. हात लांब करून त्यांनी तो बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. आजारी नव्हत्या, सरळसरळ कंटाळल्या होत्या. सुरुवातीला अख्खं गाव पाळीपाळीनं जंगलात येऊन बसायचं. मग बेकरीवाल्याची कंबर धरली, पोस्टमास्तरांना नातू झाला, बाकीच्यांना बाकी काही झालं, आणि सगळ्या पाळ्या नर्सबाईंच्या गळ्यात पडल्या. "आई, गावाचा मक्ता तू एकटीनंच घेतलायस का?" असं लेक फोनवर विचारायची.

काम तसं सोपं, नुसतं बसायचं. जंगल सरकारी, झाडं आजोबा-पणजोबांच्याही आधीची. ठेकेदाराकडे तोडीचा परवाना होता आणि गावाचा अर्ज कोर्टात, त्याची तारीख पुढच्या आठवड्यात. मात्र नियम असा, की झाड पडेल तिथवर कुणी माणूस असेल तर करवत सुरू करायची नाही. म्हणून मुकादम सकाळी आणि पुन्हा जेवणानंतर शिट्टी मारी. आतून शिट्टीनं उत्तर आलं की त्याची माणसं हात बांधून बसत. उत्तर आलं नाही, तर तो एकटा आत जाऊन खात्री करी, आणि मग त्यांना रान मोकळं.

गावाची शिट्टी एकच होती, सगळ्यांत जुन्या झाडाखालच्या खुर्चीला दोरीनं टांगलेली. या तोंडातून त्या तोंडात जाते म्हणून नर्सबाई ती आधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत. उभा जन्म दातांच्या दवाखान्यात काढलेली बाई, तिला किळस यायचीच. लोक हसत. आता तोंड एकट्या त्यांचंच उरलं होतं, तरी बोळा सुटला नव्हता.

वळणावर मुकादम ओंडक्यावर बसून तंबाखू मळत होता. त्याची माणसं सावलीत आडवी झाली होती.

"सोडा ती. एक दिवस दात हातात येतील," नर्सबाई सवयीनं म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "झालं का सगळं?"

"काय होतंय? बसलोय माश्या मारत."

"म्हणजे?"

सावलीतला एक जण कोपरावर उठून हसला. "बाई, तुमचा माणूस झोपाळू आहे हो! मुकादम आत बघायला गेले, तेव्हा कुठे त्याची शिट्टी वाजली."

"कोण आहे आत?" नर्सबाईंनी मुकादमाला विचारलं.

"आहे एक जण," तो तळहाताकडे बघत म्हणाला. "ठेकेदारसाहेबांनाही तसंच कळवलंय. जा तुम्ही, त्याला सोडवा."

नर्सबाई आत निघाल्या. बेकरीवालाच असणार. कंबर धरलेली असूनही आला बिचारा, आणि आपण धडधाकट असून लोळत पडलो! त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. येताना त्याच्यासाठी काही खायला तरी आणायला हवं होतं.

झाड उभं होतं. खुर्ची रिकामी होती.

"अहो, बेकरीवाले!" त्यांनी दोनदा हाक मारली. मग खोडाला वळसा घालून आल्या. कुणीच नव्हतं. खुर्चीवर कालची पानगळ तशीच साचलेली होती, म्हणजे तिच्यावर आज कुणी टेकलेलंही नव्हतं.

पानं झटकून त्या बसल्या. पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला, दोरी ओढून शिट्टी हातात घेतली आणि तिथेच थांबल्या. शिट्टीच्या तोंडाशी तपकिरी डाग होता. त्यांनी ती नाकाजवळ नेली. तो वास ओळखायला त्यांना दुसऱ्यांदा हुंगावं लागलं नाही.

खालून मुकादमाची दुपारची शिट्टी आली. नर्सबाईंनी बाटलीचं झाकण परत लावलं, शिट्टी तशीच ओठांत धरली आणि छातीतला सगळा दम लावून उत्तर दिलं.