तीनच्या वर दोन

या, असे जवळ सरकून बसा. लांबून ऐकलंत तर माझी फजिती अर्धीच कळेल, आणि मला ती अख्खी सांगायची आहे. गोष्ट पुराची आहे. त्या दिवशी देवाने सगळ्यांना वाचवलं, तेही माझी मदत असताना.

मी पुलावर पाणी मोजायला होतो. पुलाच्या खांबावर मीटर-मीटरच्या तीन पाट्या, एकावर एक ठोकलेल्या; खालचीवर एकपर्यंतच्या खुणा, मधलीवर एक ते दोन, वरचीवर दोन ते तीन. पाणी दोनच्या वर गेलं की खालच्या बेटावर फोन करायचा, एवढंच काम. बेटावर काकडीचे मळे. माझी थोरली बहीण आणि आणखी दहा-बारा जणी तिथे तोडणीला जात. नदी लहरी, वर कुठेतरी पाऊस पडायचा आणि इथे लख्ख उन्हात पूर यायचा. जायला-यायला एकच नाव आणि एकच म्हातारे नावाडीकाका.

पाट्यांचा रंग उडाला होता. मी त्या काढल्या, घासल्या, रंगवल्या आणि देवाचं गाणं म्हणत पुन्हा ठोकल्या. गाताना माझे डोळे मिटतात. तिसरी पाटी मधे गेली, दुसरी वर. म्हणजे पाणी एकच्या वर गेलं की माझ्या खांबावर दोनच्या वर दिसणार, आणि आणखी चढलं की परत एकवर येणार. रंग मात्र सुरेख बसला होता.

आठवड्याभरात पाणी आलं. सकाळीच खांबावर दोनच्या वर दिसलं. मी फोन केला, "ताई, बेट सोडा!"

अर्ध्या टोपल्या तशाच टाकून सगळ्या काठावर आल्या. दुपारी पाहतो तर पाणी एक आणि थोडं वर! मी हात जोडले, डोळे पुसले आणि पुन्हा फोन लावला.

"ताई, उतरलं गं! चांगलं मीटरभर उतरलं. जा, राहिलेल्या काकड्या काढून आणा."

नदी माझ्यासमोरच होती हो. फुगलेली, गढूळ, नुसती घुसळत चाललेली. पण मला पगार पाट्या वाचण्याचा होता.

थोड्या वेळाने ताईचाच फोन. "हा म्हातारा नाव सोडत नाही. तूच सांग त्याला."

मी आवाज भारदस्त केला. "काका, मी पुलावरून बोलतोय. पाणी उतरलंय."

"तुमच्याकडे उतरलं असेल," काका म्हणाले. "इथे ओंडके काठाला लागतायत. पाणी चढताना ते कडेला येतात. उतरताना मधे जातात."

"काका, आम्ही मोजून सांगतो!"

"मोजा ना. कोण नको म्हणतंय?" आणि त्यांनी फोन ताईच्या हातात दिला.

"लेखी आणून दाखवते तुम्हाला," ताई त्यांच्यावर ओरडली आणि तरातरा पुलावर आली. मी मोठ्या अभिमानाने तिला कठड्याशी नेलं. ती वाकली. वरच्या पाटीचं टोक तेवढं बाहेर होतं, त्यावर माझ्या हातचा ठसठशीत दोन.

"सगळ्यात वर दोन? मग तीन कुठाय?"

"खाली... पाण्यात."

"तीनच्या वर दोन कुठल्या शाळेत शिकलास रे?"

ताई बेटाकडे बघत राहिली. आधी वेल गेले, मग मांडव, मग सकाळच्या टोपल्या एकेक करून तरंगत निघाल्या. त्या टोपल्यांशेजारी ती वाकलेली असती, माझ्या सांगण्यावरून. तिने माझा दंड पकडला तो सुटेचना. त्या रात्री मला गाणं सुचलं नाही.

पुढे वरच्या कचेरीतून पत्र आलं. वेळेआधी सूचना देऊन बेट रिकामं केल्याबद्दल माझं कौतुक! पत्रात नावाडीकाकांचा उल्लेखही नव्हता. मी ते घेऊन त्यांच्याकडे गेलो, सगळं कबूल केलं, पायाला हात लावला.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता पाट्या नीट लावा आणि माझा पाय सोडा, नाव बाहेर काढायचीय."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. ताई अजून मला चारचौघांत आकडे विचारते. तुम्ही देवापुढे हात जोडाल तेव्हा एवढं करा, घटकाभर त्या म्हाताऱ्याची आठवण काढा. त्या दिवशी तो सगळ्यांच्या शिव्या खात नावेचा दोर धरून बसला होता.