ताईचा पुढचा दात

ताई खुर्चीत बसली ती पर्स पोटाशी आवळून. जणू धाकटी बहीण दात सोडून पर्सच उपटणार होती.

"अकरा वर्षांनी पाय लागले तुझे दवाखान्याला," धाकटी हातमोजे चढवत म्हणाली.

"सोमवारी शाळेत माझ्या निरोपाचा फोटो आहे. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, जाता जाता एकदा तरी हसा." बोलताना ताईचा हात तोंडापुढे होताच. "म्हटलं, जावं आपल्या डॉक्टरीणबाईंकडे. माझेच दात मेले कुचकामी, त्याला तू तरी काय करणार!"

धाकटीने खुर्ची मागे कलती केली.

तो पुढचा दात मुळात तिनेच मोडला होता, लहानपणी जिन्यात ढकलून. म्हणून अकरा वर्षांपूर्वी दवाखाना उघडल्यावर पहिला मान ताईचा. तुटलेल्या दाताला कड बांधून द्यायची, फिट्टंफाट. निळी आम्लाची जेल लावली, धुतली, हवेचा फवारा मारला. वरचं कवच, म्हणजे इनॅमल, खडूसारखं पांढरं झालं. तसंच व्हायला हवं असतं. त्यावरच्या बारीक खड्ड्यांत चिकटद्रव्य शिरून घट्ट बसतं. पण धाकटी हुरळली आणि आतल्या पिवळसर भागावर, डेंटिनवरही फवारा मारत राहिली. कोरडं म्हणजे कोरडंठाक!

त्याच रात्री ताई म्हणाली होती, "गार पाण्याने कळ येते गं." धाकटी म्हणाली, "होतं थोडं."

दहाव्या दिवशी वर्गात गोष्ट वाचताना ताईने सिंहाची डरकाळी फोडली आणि दाताचा तुकडा पहिल्या बाकावर जाऊन पडला. सगळा वर्ग खदखदला. फोनवर धाकटी फटकन बोलून गेली, "पेपर तपासताना पेन चावतेस ना? मग कसा टिकेल!"

"हो गं, चुकलंच माझं," ताई म्हणाली होती. उलट तिनेच माफी मागितली. त्यानंतर कितीदा बोलावलं, पण "तुझी मेहनत परत वाया कशाला" म्हणून आली नाही.

तीन वर्षांनी एका शिबिरात शिकवणाऱ्यांनी पडद्यावर डेंटिन हजारपट मोठं करून दाखवलं. आम्ल लावून धुतलं की त्यातले तंतू मोकळे होतात. ओल असेपर्यंत तळ्यातल्या शेवाळासारखे उभे राहतात, त्यांच्यामध्ये चिकटद्रव्य शिरतं. फार सुकवलं की सगळे आडवे झोपतात, मग शिरायला वाटच उरत नाही. बाकीचे डॉक्टर वहीत टिपून घेत होते. धाकटीला मात्र पहिलं बाक दिसत होतं.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून दर सणासमारंभाला ती सांगायचं ठरवायची आणि ताईच्या पानात आणखी थोडं वाढून गप्प बसायची.

आज तिने ओठांखाली कापसाच्या गुंडाळ्या सरकवल्या, जेल लावली, धुतली. या वेळी आतल्या भागावर फवारा नाही. कापसाच्या बोळ्याने नुसतं टिपलं, चमक राहील इतपत. चिकटद्रव्याचा ब्रश टेकवला आणि ती बोलली.

"ताई, पेनाचा काही संबंध नव्हता. मीच फार सुकवलं होतं. माझी चूक."

ताईचे डोळे वर वळले. "आं?"

"हलू नकोस. जीभ मागे."

द्रव्य घट्ट करणारा निळा दिवा लागला. मग पांढरं द्रव्य थराथराने चढलं, दर थराला पुन्हा दिवा. ताईला बोलता येत नव्हतं आणि धाकटीला तिच्याकडे बघवत नव्हतं.

कापूस निघाल्यावर ताईने चूळ भरली. बराच वेळ भरली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"आठ वर्षं."

"आणि मी अकरा वर्षं पेन चावलं नाही." ताई हसली नाही. "बये, कापूस घालायच्या आधी सांगायचं होतंस."

धाकटीने हातमोजे उतरवले. ताईने पर्स उचलली, दारात थांबली. "पोरांपुढे परत डरकाळी फोडायची राहून गेली बघ," एवढं म्हणाली आणि गेली.

सोमवारी संध्याकाळी फोनवर फोटो आला. खाली ताईने लिहिलं होतं, 'गार पाण्याने कळ येत नाही.' तीन रांगा शिक्षकांच्या, मधोमध ताई. डोळे बारीक झालेले, गाल वर चढलेले, मनापासून हसत होती. धाकटीने दात बघायला फोटो मोठा केला.

तोंडापुढे ताईचा हात होता. पाचही बोटं स्वच्छ आली होती.